प्रवासाची शिदोरी : बेंगळुरूतील जलद चार्जिंग केंद्रांचा तुलनात्मक परामर्श

बेंगळुरू शहराचे आणि विजेचे नाते शतकाहून जुने आहे. कावेरीच्या प्रवाहावर शिवनसमुद्र येथे १९०२ साली जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि त्याची वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. पुढे ५ ऑगस्ट १९०५ रोजी याच विजेवर बेंगळुरूच्या बाजारपेठेत रस्त्यावरचा दिवा लागला. देशातील अन्य बहुतेक शहरे त्या काळी रॉकेलच्या कंदिलावर रात्र काढीत होती. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, २००१ मध्ये, याच शहरात चेतन मैनी यांच्या ‘रेवा’ या छोटेखानी विद्युत मोटारीने रस्त्यावर पदार्पण केले. एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर धावणारी ही गाडी घरातील १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभरात भरली जाई. २०१० मध्ये ही कंपनी महिंद्र समूहाकडे गेली.

रेवाच्या मालकाला सार्वजनिक चार्जिंग केंद्राची फारशी गरज भासत नसे, कारण त्याची गाडी शहराची वेस क्वचितच ओलांडी. आज परिस्थिती पालटली आहे. शहरातील कामाबरोबरच म्हैसूर, चेन्नई, हुबळी, बेळगाव, एवढेच नव्हे तर पुण्यापर्यंतचा प्रवास विद्युत मोटारीने करणारी कुटुंबे वाढत आहेत. गणपतीला किंवा दिवाळीला गावी निघालेल्या बेंगळुरूच्या मराठी कुटुंबाच्या दृष्टीने प्रश्न अगदी सरळ असतो. वाटेत गाडी कोठे भरायची, किती वेळात भरेल, किती रुपये पडतील आणि तेथे पोहोचल्यावर यंत्र चालू असेल ना? बाजारात चार्जिंगची जाळी अनेक आहेत आणि प्रत्येकाची जाहिरात केंद्रांच्या संख्येवर भर देते. ही संख्या ग्राहकाला नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेतले तर तुलना करणे सोपे जाते.

संख्येमागील वास्तव

डिसेंबर २०२४ मधील केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार देशात २५,२०२ सार्वजनिक चार्जिंग केंद्रे होती. त्यांपैकी ५,७६५ एकट्या कर्नाटकात, म्हणजे देशात सर्वाधिक. महाराष्ट्राचा आकडा ३,७२८ होता. कर्नाटकाच्या या आघाडीला कारण आहे. २०१७ मध्ये विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करणारे हे देशातील पहिले राज्य होय. बेंगळुरूची वीज वितरण कंपनी ‘बेसकॉम’ हिने २०१८ च्या प्रारंभी के. आर. सर्कल येथील आपल्या मुख्यालयात सार्वजनिक चार्जिंग केंद्र सुरू केले, आणि पुढे राज्यातील चार्जिंग सुविधांची समन्वयक संस्था म्हणून तिच्याकडेच जबाबदारी आली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एक महत्त्वाचा खुलासा केला. वाहन चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, सबब त्यासाठी वीज कायद्याखालील परवान्याची आवश्यकता नाही, असा तो खुलासा होता. त्यामुळे खासगी कंपन्यांना या क्षेत्राची दारे खुली झाली.

तथापि या हजारो केंद्रांतील प्रत्येक केंद्र मोटारीच्या उपयोगाचे नसते. अनेक ठिकाणी केवळ दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी मंदगती चार्जर असतात. बेंगळुरूच्याच ‘एथर एनर्जी’ने २०१८ पासून उभारलेले चार्जिंगचे जाळे शहरात ठिकठिकाणी दिसते. त्याची जोडणी हलक्या वाहनांसाठी असून २०२३ मध्ये तिला भारतीय मानक ब्युरोची मान्यता मिळाली; पण मोटारीला ती बसत नाही. सुरुवातीच्या काळातील काही सरकारी केंद्रांत १५ किलोवॅटचे ‘भारत डीसी-००१’ प्रकारचे यंत्र असे. ते त्या वेळच्या कमी दाबाच्या बॅटरी असलेल्या गाड्यांसाठी होते. आज बाजारात असलेल्या विद्युत मोटारींना ‘सीसीएस-२’ ही जोडणी लागते. म्हणून जाळ्यांची तुलना करताना पहिला प्रश्न असा असावा की, या जाळ्यातील सीसीएस-२ जोडणीचे जलद चार्जर किती आणि ते आपल्या नेहमीच्या वाटेवर आहेत काय?

किलोवॅट आणि युनिट

घरच्या वीजबिलामुळे युनिट हा शब्द प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. बॅटरीची क्षमता युनिटमध्ये मोजतात. चार्जरची ताकद मात्र किलोवॅटमध्ये सांगतात. टाकी केवढी हे युनिटवरून कळते, तर नळाची धार केवढी हे किलोवॅटवरून. ३० किलोवॅटचा चार्जर तासाभरात अधिकात अधिक ३० युनिट देऊ शकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. धार किती घ्यायची हे अखेर गाडी ठरवते. एमजी कंपनीची २०२४ मध्ये बाजारात आलेली ‘विंडसर’ ही ३८ युनिट बॅटरीची मोटार सुमारे ४५ किलोवॅटच्या पलीकडे घेत नाही. तिला १२० किलोवॅटच्या चार्जरला जोडले तरी वेळ वाचत नाही. उलट त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या महिंद्रच्या ‘बीई-६’ या मोटारीची ७९ युनिटची बॅटरी सुमारे १७५ किलोवॅटपर्यंत ताकद घेऊ शकते आणि २० ते ८० टक्के भरण्यास २० मिनिटे पुरतात, असे कंपनी सांगते. अशा गाडीच्या मालकाला मात्र ३० किलोवॅटच्या केंद्रावर त्याच कामासाठी दीड तासाहून अधिक काळ थांबावे लागेल. यावरून दिसून येते की, सर्वोत्तम जाळे कोणते या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. आधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘कमाल डीसी चार्जिंग’ हा आकडा पाहावा आणि मग त्याच्या जवळपासचे चार्जर ज्या जाळ्यात अधिक आहेत ते निवडावे. अधिक ताकदीच्या यंत्राचा दर कित्येकदा अधिक असतो. गाडीला ती ताकद घेताच येत नसेल तर तो जादा खर्च व्यर्थ होय.

आणखी दोन बारकावे आहेत. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की तिचे रक्षण करण्यासाठी गाडीतील यंत्रणा धार कमी करते. त्यामुळे शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ४० टक्क्यांइतकाही वेळ लागू शकतो. प्रवासात ८० टक्क्यांवर उठणे हे शहाणपणाचे, आणि रांगेतील पुढच्या प्रवाशाच्या दृष्टीने सौजन्याचेही आहे. दुसरे असे की, अनेक केंद्रांत एका यंत्राला दोन गन असतात आणि दोन गाड्या एकाच वेळी लागल्यास यंत्राची ताकद दोघांत वाटली जाते. फलकावर ६० किलोवॅट लिहिलेले असले तरी शेजारी गाडी उभी असताना वाट्याला ३० च येऊ शकतात.

चार प्रकारची जाळी

बेंगळुरू आणि तेथून निघणाऱ्या महामार्गांवरील जाळ्यांचे स्थूलमानाने चार गट पडतात.

पहिला गट वीज वितरण कंपनीचा. बेसकॉमची केंद्रे प्रामुख्याने सरकारी कार्यालये, वीज उपकेंद्रे आणि सार्वजनिक जागा यांच्या आवारात आहेत. वीज तिची स्वतःची आणि जागा सरकारी असल्याने येथील दर सामान्यतः खासगी केंद्रांपेक्षा कमी असतात. शहरात राहणाऱ्या, पण घरी चार्जिंगची सोय नसलेल्या भाडेकरूला किंवा टॅक्सीचालकाला हा मोठा आधार आहे. मात्र कार्यालयाच्या आवारात रात्री अपरात्री प्रवेश, प्रकाश, प्रसाधनगृह या सोयी असतीलच असे नाही. यंत्र जुने असेल तर त्याची ताकदही कमी असते. तेव्हा जाण्यापूर्वी वेळ आणि जोडणीचा प्रकार तपासून घ्यावा.

दुसरा गट तेल कंपन्यांचा. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या सार्वजनिक क्षेत्रातील तीन कंपन्यांना केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातून ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. भारत पेट्रोलियमने बेंगळुरू-चेन्नई आणि बेंगळुरू-म्हैसूर-कोडगू या मार्गांवर अशा केंद्रांची साखळी उभारली आहे. शेल कंपनीचे चार्जरही शहरातील तिच्या पंपांवर आढळतात, आणि रिलायन्स व बीपी यांच्या संयुक्त कंपनीचे ‘जिओ-बीपी पल्स’ हे जाळेही याच गटातील. पेट्रोल पंप रस्त्यालगत असतो, रात्री बहुधा माणूस हजर असतो आणि वाट वाकडी करावी लागत नाही. हा या गटाचा मोठा गुण होय. उणीव अशी की, पुष्कळ पंपांवर एकच यंत्र असते आणि पंपावरील कर्मचाऱ्याचा मुख्य व्यवसाय इंधनाचा असल्याने चार्जर बंद पडल्यास तो सहसा काही करू शकत नाही.

तिसरा गट खासगी चार्जिंग कंपन्यांचा. ‘टाटा पॉवर’चे ‘ईझी चार्ज’, कोइमतूरची ‘झिऑन’, वडोदऱ्याची ‘चार्जझोन’, गुरुग्रामच्या ‘स्टॅटिक’ व ‘ग्लायडा’ आणि बेंगळुरूच्या ‘कझाम’ व ‘बोल्ट डॉट अर्थ’ ही त्यांतील काही नावे. यांतील काहींचा भर महामार्गावरील मोठ्या यंत्रांवर आहे, तर काहींचा शहरातील सोसायट्या व दुकानांबाहेरील मंद चार्जरवर. महामार्गावरील उपाहारगृहे, हॉटेले आणि मॉल या ठिकाणी या कंपन्या केंद्रे उभारतात. त्यामुळे अर्धा-पाऊण तास थांबायचे तर जेवणखाण होते, मुलांना हातपाय मोकळे करता येतात. चार्जिंग हाच यांचा मुख्य व्यवसाय असल्याने दूरध्वनीवरून मदत आणि दूरस्थ पद्धतीने यंत्र पुन्हा सुरू करणे या सोयी येथे अधिक अपेक्षिता येतात. दर मात्र तुलनेने चढे असू शकतात आणि ते एकाच कंपनीच्या दोन केंद्रांतही वेगळे असतात.

चौथा गट मोटार उत्पादकांचा. विक्रेत्यांच्या दालनांत आपापल्या ग्राहकांसाठी चार्जर बसवणे ही जुनी पद्धत. आता उत्पादक अन्य कंपन्यांची केंद्रे आपल्या ॲपवर एकत्र दाखवू लागले आहेत. एमजीचे ‘ईहब’ हे त्याचे एक उदाहरण. टाटा मोटर्सनेही २०२५ च्या फेब्रुवारीत चार्जिंग कंपन्यांशी सहकार्य करून १२० किलोवॅटचे ‘मेगा चार्जर’ उभारण्याचे आणि भरवशाची केंद्रे पारखून त्यांना ओळखचिन्ह देण्याचे जाहीर केले. आपल्या गाडीच्या कंपनीकडून मिळणारी सवलत कोणत्या जाळ्यात लागू आहे, हे खरेदीच्या वेळीच विचारून घेतलेले बरे.

पुण्याच्या वाटेवरील हिशेब

कागदावरची तुलना प्रवासात कशी उतरते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बेंगळुरूहून तुमकूर, चित्रदुर्ग, हावेरी, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, कराड, सातारा मार्गे पुणे हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. समजा, गाडीची बॅटरी ४५ युनिटची आहे आणि महामार्गावर ती एका युनिटला साडेसहा किलोमीटर धावते. उत्पादकाने जाहीर केलेला पल्ला चाचणीच्या ठराविक परिस्थितीतील असतो. महामार्गावरचा वेग, वातानुकूलन आणि सामान यांमुळे प्रत्यक्ष पल्ला कमी येतो. म्हणून हिशेब स्वतःच्या अनुभवाच्या आकड्यावर करावा.

घरून पूर्ण भरून निघाल्यास, १५ टक्के शिल्लक राखून, गाडी सुमारे २५० किलोमीटर जाईल. त्यानंतर प्रत्येक वेळी १५ वरून ८० टक्क्यांपर्यंत भरल्यास सुमारे १९० किलोमीटरचा टप्पा गाठता येईल. म्हणजे वाटेत चार थांबे लागतील. चित्रदुर्ग, हावेरी, बेळगाव आणि कराड यांच्या आसपास थांबण्याचे ठरवले, तर पहिल्या थांब्यानंतरचा कोणताही टप्पा १९० किलोमीटरच्या वर जात नाही. ५० किलोवॅट घेणाऱ्या गाडीला ६० किलोवॅटच्या यंत्रावर दर थांब्यास सुमारे ४० मिनिटे लागतील. ३० किलोवॅटच्या यंत्रावर एक तास. चार थांब्यांत मिळून सव्वा तासाहून अधिक फरक पडतो.

परंतु वेळेपेक्षा मोठा प्रश्न भरवशाचा आहे. क्षणभर असे धरू की, प्रत्येक थांब्यावर एकच चार्जर आहे आणि दहांपैकी नऊ वेळा तो चालू असतो. ९० टक्के हा आकडा ऐकायला उत्तम वाटतो. पण चारही थांब्यांवर यंत्र चालू सापडण्याची शक्यता गणिताने केवळ ६६ टक्के येते. म्हणजे दर तीन प्रवासांपैकी एकात कोठे ना कोठे खोळंबा ठरलेला. आता त्याच थांब्यांवर जवळपास दुसरे, वेगळ्या कंपनीचे आणि तितकेच भरवशाचे केंद्र असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा संभव शंभरात एक उरतो आणि संपूर्ण प्रवास निर्वेध होण्याची शक्यता ९६ टक्क्यांवर जाते. यंत्र एक टक्काही सुधारलेले नाही. फक्त पर्याय आला. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण ज्यांना आठवते त्यांनी एकाच यंत्राच्या भरवशावर घाट चढू नये.

या हिशेबावरून जाळ्यांच्या तुलनेचे एक सूत्र हाती येते. पाचशे गावी एकेक चार्जर असणाऱ्या जाळ्यापेक्षा, आपल्या वाटेवरील चार गावी दोन-दोन, तीन-तीन यंत्रे असणारे जाळे प्रवाशाला अधिक उपयोगाचे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असावे, असे उद्दिष्ट होते. ‘दोन्ही बाजूंना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मार्च २०२३ मध्ये लोकार्पण झालेल्या ११८ किलोमीटरच्या बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उदाहरण घ्यावे. मुख्य मार्गावरून बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या ही गावे बाजूला पडतात. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या केंद्राकडे जाण्यासाठी योग्य ठिकाणी सेवारस्त्यावर उतरावे लागते. ते हुकले तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन परत यावे लागते.

दर आणि खर्च

चार्जिंगचा दर पाहताना तो करासहित आहे की करावाचून, हे आधी पाहावे. २०२३ मध्ये म्हैसूरच्या चामुंडेश्वरी वीजपुरवठा महामंडळाच्या अर्जावर कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने चार्जिंग ही सेवा असून तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो, असा निर्णय दिला. म्हणजे ॲपवर २० रुपये युनिट दिसले, तरी हाती येणारे बिल २३ रुपये ६० पैशांचे असू शकते.

वरील पुण्याच्या प्रवासात वाटेत सुमारे ९१ युनिट घ्यावे लागतील. या दराने त्याचे सुमारे २,१५० रुपये होतात; घरी भरलेल्या ४५ युनिटचे, ७ रुपये दर धरल्यास, ३१५. एकूण २,५०० रुपयांच्या आत प्रवास होतो. लिटरला १६ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल मोटारीला, पेट्रोल १०० रुपये धरले तरी, सुमारे ५,२५० रुपये लागतील. बचत निर्विवाद आहे. पण रोजच्या वापरात घरच्या चार्जिंगचा खर्च किलोमीटरला एक रुपयाच्या आसपास, तर सार्वजनिक जलद चार्जिंगचा साडेतीन रुपयांहून अधिक पडतो, हेही विसरू नये. ज्यांच्या सोसायटीत चार्जिंगची परवानगी नाही त्यांनी गाडीसाठी कर्ज घेण्यापूर्वी मासिक खर्च या दुसऱ्या आकड्यावर मांडावा.

दिवसाच्या वेळेचाही दरावर परिणाम होतो. ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरऊर्जेच्या काळात केंद्रांना वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने, तर अन्य वेळी १.३ पट दराने द्यावी, असे सुचविलेले आहे. हा लाभ ग्राहकापर्यंत किती पोहोचतो हे राज्याच्या वीज नियामक आयोगावर आणि केंद्रचालकावर अवलंबून असते. दुपारचा आणि रात्रीचा दर वेगळा दाखवणारे जाळे असेल, तर थांबे दुपारी ठेवणे फायद्याचे. काही केंद्रचालक बॅटरी भरल्यानंतर गाडी न हलविल्यास मिनिटागणिक शुल्क आकारतात. तेही वाचून घ्यावे.

ॲपमधील पाकिटे

बँकेच्या ग्राहकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग येथून पुढचा आहे. अनेक जाळ्यांत चार्जिंग सुरू करण्यापूर्वी त्यांच्या ॲपमधील पाकिटात पैसे भरावे लागतात. पाच जाळी वापरणाऱ्याचे पाच पाकिटांत प्रत्येकी तीनशे-चारशे रुपये अडकून राहतात. केवळ त्याच कंपनीच्या सेवेसाठी वापरता येणाऱ्या अशा पाकिटाला रिझर्व्ह बँकेच्या परिभाषेत बंदिस्त स्वरूपाचे प्रीपेड साधन म्हणतात. २०२१ च्या निर्देशांनुसार त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नसते आणि त्यातून रोख रक्कम काढता येत नाही. हे पैसे म्हणजे बँकेतील ठेव नव्हे. त्यावर व्याज नाही आणि ठेव विम्याचे संरक्षणही नाही. म्हणून पाकिटात एका प्रवासापुरतीच रक्कम ठेवावी. ज्या जाळ्यात झालेल्या युनिटचेच पैसे थेट यूपीआयने देता येतात, त्याला तुलनेत निश्चितच अधिक गुण द्यावेत.

पैसे गेले आणि चार्जिंग झाले नाही, अशा प्रसंगी दोन गोष्टींत भेद करावा लागतो. यूपीआयने खात्यातून रक्कम वजा झाली, परंतु विक्रेत्याकडे ती पोहोचल्याची नोंद झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावयास हवी. विलंब झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देय असते. ही तक्रार बँकेकडे करावी. मात्र रक्कम कंपनीला मिळाली आणि यंत्राने वीज दिली नाही, तर तो सेवेतील दोष होय. त्यासाठी प्रथम कंपनीकडे आणि दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. यंत्राचा क्रमांक, वेळ आणि पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र जवळ असल्यास काम सुकर होते.

एटीएमचा धडा

आज चार्जिंगची जी अवस्था आहे, ती बँकेच्या जुन्या खातेदारांना अपरिचित वाटू नये. भारतात पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत सुरू झाले. पुढील अनेक वर्षे ज्या बँकेचे कार्ड, त्याच बँकेचे यंत्र शोधत फिरावे लागे. २००४ मध्ये ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ ही सामायिक यंत्रणा सुरू झाली, तिचा कारभार २००९ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाकडे आला आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढण्यावरील शुल्क बचत खातेदारांना माफ झाले. पुढे मोफत व्यवहारांच्या संख्येवर मर्यादा आली, पण यंत्रांमधील भिंती पडल्या त्या पडल्याच. कोणत्याही एका बँकेने आपली यंत्रे कित्येक पटींनी न वाढवताही प्रत्येक खातेदाराच्या सेवेतील यंत्रांची संख्या कित्येक पटींनी वाढली.

चार्जिंगच्या क्षेत्रात हेच घडावे यासाठी हालचाल सुरू आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०२२ मध्ये ‘ईव्ही यात्रा’ या नावाने केंद्रांची माहिती देणारी सेवा सुरू केली. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ या १०,९०० कोटी रुपयांच्या योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटींची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय अवजड उद्योग मंत्री एच. डी. कुमारस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील बैठकीनंतर, आरक्षण, देयक आणि यंत्राची स्थिती एकाच ठिकाणी दाखविणाऱ्या राष्ट्रीय ॲपचे काम ‘भेल’कडे सोपविण्याचा विचार जाहीर झाला. अशी सामायिक यंत्रणा सर्वत्र रुजली, तर कोणते जाळे मोठे हा प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीने बराचसा गौण ठरेल. मग कोणते यंत्र चालू आहे एवढेच पाहावे लागेल.

तोपर्यंत मात्र तुलना ग्राहकालाच करावी लागणार आहे. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. गाडी कमाल किती किलोवॅट घेते ते पाहून त्याच ताकदीच्या आसपासचे सीसीएस-२ चार्जर शोधावेत.
२. एक मुख्य आणि एक पर्यायी अशी दोन जाळी निवडावीत. दोन्ही ॲप घरूनच सुरू करून ठेवावीत.
३. प्रत्येक थांब्यावर एकाहून अधिक यंत्रे असलेले केंद्र पसंत करावे आणि पुढचे पर्यायी केंद्र गाठता येईल एवढी बॅटरी राखून थांबावे.
४. त्या केंद्रावर शेवटचे यशस्वी चार्जिंग केव्हा झाले, हे ॲपवर पाहावे किंवा निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा.
५. करासहित दर आणि गाडी उभी ठेवण्याचे शुल्क तपासावे.
६. पाकिटात मोजकीच रक्कम ठेवावी. थेट यूपीआयची सोय असेल तर तीच वापरावी.

विद्युत मोटार घेण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी एक छोटा प्रयोग जरूर करावा. वर्षातून ज्या वाटेने अधिक वेळा जाणे होते, त्या वाटेवरील थांबे कागदावर मांडावेत, प्रत्येक थांब्यासमोर दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या केंद्रांची नावे लिहावीत आणि पुढच्या खेपेस जुन्याच गाडीने जाताना ती केंद्रे प्रत्यक्ष पाहून यावीत. यंत्रे चालू आहेत काय, रात्री दिवा आहे काय, तेथे थांबलेले चालक काय सांगतात, हे अर्ध्या तासाच्या निरीक्षणातून कळते. आठ-दहा लाखांची किंवा त्याहून अधिक रकमेची खरेदी अशा पाहणीनंतर केल्यास, गावाकडची वाट विजेच्या गाडीनेही पूर्वीइतक्याच निश्चिंत मनाने चालता येईल.